काकूंचा चॅनेल आणि मुलाने पाठवलेला अँटेना

तो चॅनेलच बंद पडलाय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. काकूंनी, लांब राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, आणि माझ्याआधी येऊन गेलेल्या टेक्निशियननेपण, जो जाताना एक बूस्टर विकून गेला होता. मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला, बाकीच्या चॅनेलवर मधेच चौकोन चौकोन येतात, आवाज तुटतो, ते बघायला. काकू म्हणाल्या, "जुनी गाणी लागायची रे त्याच्यावर रात्री, पण गेला तर गेला, दुसरे तरी नीट दिसू देत." मी सहज विचारलं कोणता चॅनेल, त्यांनी नाव सांगितलं आणि मी चमकलोच, कारण तो चॅनेल त्याच सकाळी दुसऱ्या घरी माझ्या मीटरवर ठणठणीत दिसला होता.

हे जरा सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला कळत नाही. एकाच टीव्ही टॉवरवरून सगळे चॅनेल येत असले तरी सगळे एका जातीचे नसतात. बहुतेक यूएचएफवर असतात, म्हणजे ४७० मेगाहर्ट्झच्या वर, पण काही ठिकाणी एखाददुसरा अजून व्हीएचएफवर असतो, १७४ च्या पुढे. काकूंचा चॅनेल १८० च्या आसपास होता. आता साधं गणित करा, ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ६०० ला अर्धा मीटर, तिच्या अर्ध्या लांबीचा अँटेना म्हणजे २५ सेंटीमीटर. १८० ला मात्र लहर १ मीटर ६७ सेंटीमीटर, अर्धी लांबी ८० च्या वर. मुलाने पाठवलेला तो कागदासारखा चपटा अँटेना जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद. यूएचएफला एकदम मस्त, पण १८० ला त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

आणि खोक्यावर काय लिहिलेलं माहितीये? रेंज ३०० किलोमीटर, ८के सपोर्ट. मला हे वाचलं की डोकं फिरतं. अहो पृथ्वी गोल आहे! १५० मीटरचा टॉवर आणि १० मीटर उंचीवरचा तुमचा अँटेना धरला तर ६०-६५ किलोमीटरवर क्षितिज संपतं, त्याच्यापुढे हवामानाच्या कृपेने कधीतरी काही आलं तर आलं. आणि एचडी अँटेना, ८के अँटेना असलं काही नसतं, अँटेनाला फक्त फ्रिक्वेन्सी कळते, तिच्यावर कुस्ती चाललीय का बातम्या हे त्याला माहीत नसतं. विकणाऱ्यांना हे सगळं कळतं, तरी खोक्यावरचा आकडा दर वर्षी वाढतोच.

तर चॅनेल गायब कसा झाला ते ऐका. आधी टीव्ही टेबलावर होता, त्याच्यावर जुना दोन दांड्यांचा अँटेना. टीव्ही भिंतीवर गेला, दांड्या वाईट दिसतात म्हणून माळ्यावर गेल्या, चपटा आला. सुरुवातीला काकूंचा चॅनेल अधूनमधून तुटत का होईना पण दिसत होता. त्यांनी मुलाला सांगितलं, मुलाने फोनवर सांगितलं पुन्हा स्कॅन कर. इथेच घोटाळा झाला. बऱ्याच टीव्हींत पूर्ण स्कॅन केलं की जुनी यादी पुसली जाते आणि त्या क्षणी जेवढे धड पकडता येतात तेवढेच नवीन यादीत बसतात. त्या वेळी सिग्नल काठावर असला तर चॅनेल यादीतूनच उडतो. मग तो दिसतच नाही, म्हणून परत स्कॅन, तो परत नाहीच. माझ्या आधीच्या माणसानेपण स्कॅनच केलं म्हणे. अरे, मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जाऊन फ्रिक्वेन्सीचा नंबर टाक आणि क्वालिटीचा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय त्याचा पट्टा बघ, एका मिनिटाचं काम आहे! मी टाकला तर स्ट्रेंग्थ, म्हणजे सिग्नलचा जोर, दिसत होती, क्वालिटी जवळजवळ शून्य. म्हणजे चॅनेल जिवंत होता.

चपटा अँटेना खिडकीला चिकटवलेला, आणि त्या खिडकीला डासांसाठी धातूची जाळी. खिडकीतून टॉवर डोळ्यांनी दिसतो, तरी मधे जाळी. शेजारच्या इमारतीवर मोबाइलचे अँटेने. आणि एवढ्या जवळून सिग्नल येत असताना वर २० डीबीचा बूस्टर लावलेला, म्हणजे शंभर पट! बूस्टर सिग्नल तयार करत नाही हो. लांब केबलमध्ये किंवा दोन-तीन टीव्हींना वाटताना जे कमी होतं ते भरून काढायला तो असतो, आणि येताना स्वतःचा थोडा गोंगाट घेऊनच येतो. काकूंची केबल दीड मीटर, तिच्यात पाव-अर्धा डीबीसुद्धा मुश्किलीने जात असेल. वरून टीव्हीच्या फ्रिक्वेन्सींचा जुना वरचा भाग, ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, बऱ्याच देशांत मोबाइलवाल्यांना गेलाय, तेव्हा बूस्टर बिचारा टीव्हीबरोबर मोबाइलपण शंभर पट करत बसतो आणि टीव्हीच्या ट्यूनरची दमछाक होते. चौकोन त्याचेच.

बूस्टर काढला आणि चपटा जाळीपासून बाजूला भिंतीवर टेकवला. एवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला, काकूंनी फोन टीव्हीसमोर धरला. स्क्रीनवर एका यूएचएफ चॅनेलची स्ट्रेंग्थ ९५ ची ६२ झालेली. तो लगेच, "अहो भाऊ, सिग्नल कमी केलात तुम्ही!" मी म्हटलं खालचा पट्टा बघा, क्वालिटी ४० वरून ९० वर गेलीय. त्याला पटेना. ९५ मोठं का ६२ मोठं, एवढंच त्याचं चाललेलं, आणि त्याचंही काय चुकलं, मोठा पट्टा वर दिला की माणूस तोच बघणार. हे दोन पट्टे टीव्हीत असे एकाखाली एक ज्याने दिले त्याला एकदा भेटायचंय मला. शेवटी मी चॅनेल बदलून बदलून दाखवले, कुठेही चौकोन नाही, तेव्हा गप्प बसला.

मग माळ्यावरच्या दांड्या काढल्या. लोक दांड्या पूर्ण ओढतात, जेवढ्या लांब तेवढं चांगलं असं वाटतं. १८० ला प्रत्येक दांडी ४० सेंटीमीटर पुरते, मी टेप लावून मोजतो, डोळ्याने नाही. इथे प्रक्षेपण आडवं, म्हणजे टॉवरवरून लहरी आडव्या डोलत येतात, तेव्हा दांड्यापण आडव्या, व्ही करून छताकडे नाही, आणि टोकं टॉवरकडे करायची नाहीत, टोकाच्या दिशेने तो बहिरा असतो. टीव्हीजवळ ठेवल्या तर मीटर हलेना, मग टीव्हीच्या मागे लावलेली ती रंगीत एलईडी पट्टी बंद केली आणि एमईआर, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचा मीटरवरचा आकडा, लगेच ४ डीबी वर. असल्या पट्ट्यांच्या स्वस्त ॲडॅप्टरचा गोंगाट व्हीएचएफला फार छळतो. दांड्या लांबच्या कपाटावर नेल्या, पट्टी चालू ठेवूनसुद्धा बरोबर. मॅन्युअलने चॅनेल यादीत घातला. गाणं लागलं. काकू खुर्चीत बसल्या आणि मला चहा-पाणी विचारायचंसुद्धा विसरल्या, यातच सगळं आलं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. त्या जुन्या अँटेनाला दांड्यांबरोबर एक गोल कडी होती, यूएचएफसाठी. मी तपासलं, त्या एकट्या जुन्या अँटेनावर घरातले सगळे चॅनेल व्यवस्थित येत होते. म्हणजे चपटा काढून परत खोक्यात घालता आला असता, काम तिथेच संपत होतं. मी तसं म्हटलं तर काकूंचा चेहरा उतरला. "तो काढू नकोस रे, त्याने एवढ्या लांबून पाठवलाय." मुलगा कॉलवर होताच, काही बोलला नाही.

मग मी कॉम्बायनर लावला. त्याला दोन तोंडं असतात, एकातून फक्त व्हीएचएफ आत जातो, दुसऱ्यातून फक्त यूएचएफ, त्यामुळे दोन अँटेने एकमेकांच्या पायात येत नाहीत. (एक सिग्नल दोन टीव्हींना वाटणारा साधा स्प्लिटर उलटा लावून दोन अँटेने जोडणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.) दांड्या व्हीएचएफला, मुलाचा चपटा यूएचएफला. तांत्रिकदृष्ट्या एकदम शुद्ध जोडणी, पिना नीट बसवलेल्या, मीटरवर आकडे सुंदर. फक्त त्याची गरज नव्हती. कॉम्बायनरचे पैसे काकूंनी दिले, मी घेतले. त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की याच्याशिवाय चालतंय, तरी माझ्या मनात ते अजून घोळतंय. बूस्टर विकणाऱ्याला मी नावं ठेवतो आणि मीपण नको असलेली वस्तू लावूनच आलो की. फरक एवढाच की माझ्या वस्तूने काही बिघडलं नाही. तो फरक पुरेसा आहे का, माझं रोज वेगळं उत्तर येतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, तू अँटेना नाही लावलास, मुलगा लावलास. ठीक आहे, पण पावतीवर कॉम्बायनरच लिहिलाय ना.

त्याच्यावर कडी म्हणजे परवा त्याच इमारतीतून फोन. काकूंनी सगळ्यांना सांगितलंय की मुलाच्या अँटेनाने गेलेला चॅनेल परत आला. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी सेम तोच मागवलाय, ३०० किलोमीटरवाला, बूस्टरसकट, आणि मी येऊन फक्त चिकटवून द्यावा अशी त्यांची इच्छा आहे. त्यांची खिडकी टॉवरच्या बरोबर उलट्या बाजूला उघडते.