एनआयसीयूतल्या आगीची तालीम, हेडसेट लावून

९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, १० बाळं गेली. त्यानंतर सगळीकडे फायर ड्रिलचा जोर वाढला. पण ड्रिल म्हणजे काय, तर पटांगणात ट्रे पेटवायचा आणि आग विझवायचा सिलिंडर मारायचा. भरलेल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, आगीचा सराव करणार कसा? म्हणून व्हीआर, म्हणजे हेडसेटमधून दिसणारा आभासी वॉर्ड. प्रसंग रचायला डेव्हलपर मुलं, अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी, बायोमेडिकल इंजिनिअर आणि नर्सिंगकडून मी.

पहिल्या नमुन्यात वॉर्डभर नारिंगी ज्वाळा होत्या. अग्निशमनचे साहेब म्हणाले, "ज्वाळा राहू द्या बाजूला. आधी धूर दाखवा, तोही छताकडून खाली उतरणारा." हेडसेटला डोक्याची उंची कळते, त्यामुळे आता खरोखर वाकल्याशिवाय दार दिसत नाही. काही सिस्टर गुडघ्यांच्या नावाने कुरकुरल्या, पण ते तसंच ठेवलं.

खरी जुंपली ती ऑक्सिजनवरून. ऑक्सिजन सुटत राहिला तर आग भडकते, म्हणून वॉर्डाच्या त्या भागाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग ऑक्सिजनवरच्या बाळांचं काय? आधी प्रत्येकाजवळ ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग हवी, आणि रात्रपाळीला माणसं असतात मोजकी. डेव्हलपरना एकच बरोबर उत्तर हवं होतं, गुण द्यायला सोपं जातं ना! मी अडून बसले. शेवटी ठरलं ते असं: व्हॉल्व्ह बंद करायची घाई केली तर मॉनिटरवर बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरतं; उशीर केला तर धूर दाटतो. गुण नाहीत, नंतर रेकॉर्डिंग बघत सगळ्यांनी बोलायचं.

वॉर्डातल्या मावशींना मी आग्रहाने बोलावलं. साहेब लोकांपुढे त्या गप्प होत्या. हेडसेट चढवल्यावर मात्र लगेच म्हणाल्या, "अहो, लिननची ट्रॉली कुठंय? रात्री ती ह्याच दारात उभी असते." बाहेर पडायच्या दारात! आता प्रसंगात ट्रॉली कधी असते, कधी नसते.

वजन कळत नाही, ही व्हीआरची मोठी उणीव. दीड किलोचं, नळ्या लावलेलं बाळ लोक चेंडूसारखं उचलून पळू लागले. म्हणून नळ्या सोडवल्याशिवाय बाळ उचलताच येणार नाही, असं करून घेतलं. बाळ धरायचा सराव बाहुलीवर, वेगळा.

बाळं हलवायच्या क्रमावर अजून एकमत नाही. धुराजवळचं आधी, हे सगळ्यांना मान्य. त्यापुढे साहेबांचं म्हणणं, स्थिर बाळं न्या, कारण एकीला दोन-दोन नेता येतात. आमच्या डॉक्टरांना ते पटत नाही. सध्या दोन्ही क्रम खेळून बघतोय.