कॅमेरा धरणारा काका

बर्लिनमधला हा माझा चौथा हिवाळा. चारलाच अंधारून येतं, मग माणूस सिनेमाला जातो. परवा शेजारच्या आजींनी एका छोट्या थिएटरात ओढून नेलं. माहितीपट होता, एका मुलीनं स्वतःच्याच घरावर केलेला.

वडील स्वयंपाकघरात बटाटे सोलतायत. मुलगी कॅमेऱ्यामागून विचारते, "बाबा, काकांचं तुम्हाला कधी कळलं?" वडील सोलतच राहतात. एक बटाटा झाला, दुसरा झाला, तिसरा घेतला. तिनं दृश्य कापलेलं नाही. खरं सांगू? मला तिचाच राग आला. ऐंशीच्या माणसाला असं कोंडीत धरायचं?

मग घरगुती रीळ सुरू होतं. बाल्टिकचा किनारा, रंग उडालेले, वाळूत हीच मुलगी, पाच-सहा वर्षांची. काका कुठेच दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. आणि लगेच टाइप केलेला कागद: त्या सुट्टीत कोण काय बोललं, पश्चिमेतलं मासिक कुणाकडे होतं. खाली टोपणनाव.

स्टासी म्हणजे पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस. १९८९ मध्ये तिचे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि त्याच्या जवळपास दुप्पट खबरे. खबरे म्हणजे कोण, तर ऑफिसातला सहकारी, मित्र, कधी घरातलंच कुणी. जानेवारी १९९२ पासून लोकांना स्वतःची फाइल वाचता येते. कागद ओळीनं लावले तर १११ किलोमीटर भरतात. मिळणाऱ्या प्रतीत तिऱ्हाइतांची नावं काळी केलेली असतात. खबऱ्याचं खरं नाव मात्र मागता येतं. या मुलीनं मागितलं.

पण त्याच काकांनी तिला सायकल शिकवली होती, मागून सीट धरून पळत. ते फाइलीत कुठून असणार? तेवढ्यासाठी तिला वडिलांसमोर कॅमेरा धरून बसावं लागलं असावं. माझा राग जरा निवळला, पूर्ण नाही.

परतताना ट्राममध्ये आजींना विचारलं, "तुम्ही पाहिलीत तुमची फाइल?"

"अर्ज भरून ठेवलाय. ड्रॉवरमध्ये आहे."

"कधीपासून?"

"नवरा होता तेव्हापासून," त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या. आमचा स्टॉप यायला अजून वेळ होता.