काचेच्या नळीमागचं नाव

शास्त्रज्ञ डोकं चालवतात आणि टेक्निशियन हात, असं विज्ञान दिनाच्या भाषणात कुणी म्हणालं की माझी तिडीक उठते. एका रसायनशास्त्र विभागात काचकाम करण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. बाजारात तयार मिळत नाहीत अशी उपकरणं मी फुंकून देतो.

मध्यंतरी पीएचडीची एक मुलगी चित्र घेऊन आली. नळीत नळी, मधे निर्वात जागा. आतल्या नळीत वरून द्रव नायट्रोजन ओतायचा, खालून काढायचा. आतली नळी बाहेरच्या नळीला दोन्ही टोकांना पक्की जोडलेली. म्हटलं, "अगं, जोडून देतो, पण नायट्रोजन ओतलास की तडकेल." उणे १९६ अंशांना आतली नळी आखडणार, बाहेरची आहे तशीच राहणार, म्हणजे सगळा ताण जोडावर. बोरोसिलिकेट काच फार आखडत नाही, पण एवढं तीही सोसत नाही. मग खालच्या टोकाला आधी वेटोळं दिलं आणि नंतर जोड घेतला. वेटोळं ओढ सोसतं. पुढे भट्टीत साधारण ५६० अंशांवर ठेवून सावकाश थंड केलं आणि पोलॅरिस्कोपखाली धरलं. जिथे ताण उरतो तिथे काच उजळते. या जोडापाशी अंधार होता, तेव्हाच उपकरण तिच्या हातात दिलं. आता सांगा, यात डोकं कुणी चालवलं? त्या थंडीत नेमकं काय मोजायचं आणि त्यातून काय सिद्ध होतं, हे तिचं काम. ते मला जमणार नाही.

इतिहासातही हेच दिसतं. १८८३ साली भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्‌झ यांनी कॅथोड किरण (निर्वात काचनळीत ऋण टोकाकडून निघणारे) विद्युतभारित पट्ट्यांमधून नेले, तर ते वळलेच नाहीत. नळीत उरलेला वायू वीज वाहून नेत होता, त्यामुळे पट्ट्यांचा परिणाम झाकला जात होता. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी नळी जास्त निर्वात केली, तेव्हा किरण वळले आणि त्यांतला कण, इलेक्ट्रॉन, हाती लागला. थॉमसन यांच्यासाठी काच फुंकायचे त्यांचे सहायक एबेनेझर एव्हरेट. नाजूक उपकरणांना थॉमसन यांचा हात चालत नसे, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनीच लिहून ठेवलंय. नळी कुठे जरा झिरपली असती, तर त्यांनाही हर्ट्‌झसारखंच उत्तर मिळालं असतं. १९०६ चं नोबेल थॉमसन यांना मिळालं ते योग्यच होतं. पण शाळेच्या पुस्तकात एव्हरेटचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

आजच्या शोधनिबंधांत रसायन कुठल्या कंपनीचं, शुद्धता किती टक्के, स्पेक्ट्रोमीटरचं मॉडेल कोणतं, सगळं छापतात. ज्या भांड्यात प्रयोग झाला ते कुणी आणि कसं बनवलं, याची बहुतेक वेळा एक ओळही नसते. आभारात 'तांत्रिक साहाय्य' एवढंच. मला हे मनापासून लागतं, आणि प्रश्न मानापुरता नाही. भांड्याची घडण कळली नाही, तर तोच प्रयोग दुसऱ्याने करायचा कसा?

त्या मुलीला वेटोळ्याचं चित्र प्रबंधात मापांसकट द्यायला सांगितलंय: व्यास, वेढे, काचेची जाडी, सगळं. "खाली तुमचं नाव घालते, काका," म्हणाली. मी घाल म्हटलं.