जालना सुटलं की उतरायचं

"कसलं लायसन? गुमास्ता का?"

खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं. मी म्हटलं, दादा, गुमास्त्याचं झालेलं आहे. परमनंट मेकअपचं, म्हणजे कातडीत रंग भरून भुवया कोरायच्या कामाचं, लायसन्स कुठं मिळतं ते सांगा. त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. शेवटी एक वयस्क साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या एकटीच्या दुकानाला 2017च्या कायद्यापासून नोंदणीसुद्धा नाही. ऑनलाइन सूचना दिली की झालं. तुम्ही केस कापा नाहीतर भुवया कोरा, आमच्याकडं फॉर्म एकच."

हे आधी विचारायला पाहिजे होतं. तोवर मी भिशीचे 45 हजार छत्रपती संभाजीनगरातल्या एका अकॅडमीत भरून बसले होते. तिथल्या मॅडमनी फोनवर तीनदा सांगितलं होतं, परीक्षा पास झालात की 'इंटरनॅशनल लायसन्स' हातात. ते लायसन्स म्हणजे त्यांनीच छापलेला सोनेरी किनारीचा कागद. अमेरिकेत लायसन्स हा खरा प्रकार आहे. तिथं प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कुठं परीक्षा आहे, कुठं नुसती नोंदणी. आपल्याकडं शिकवणार अकॅडमी, पेपर काढणार अकॅडमी आणि कागद देणारही तीच. जाऊबाईंनी विचारलं, पैसे परत मागितले का? मागितले. मिळाले नाहीत.

मग म्हटलं, पैसे गेलेच आहेत, तर विद्या तरी घेऊन येऊ. परभणीत माझं पार्लर आहे, 11 वर्षं झाली. थ्रेडिंगला येणाऱ्यांत दोन-चार जणी अशा असतातच की ज्यांच्या भुवईला ओढायला केसच नसतात. पेन्सिल लावून येतात आणि आमच्या मे महिन्यात रिक्षातून उतरेपर्यंत भुवई गालावर आलेली असते. त्यांच्यासाठी शिकायचं होतं.

नोट्स हातात आल्या, 64 पानांची झेरॉक्स. दुसऱ्याच पानावर कळलं की हा माल अमेरिकेतल्या परीक्षांचा आहे, मधूनमधून हिंदी घातलेलं. 'ओशाचा रक्तजन्य रोगांचा नियम कोणत्या साली आला?' उत्तर 1991. ओशा म्हणजे तिथलं कामगारांच्या सुरक्षेचं खातं. परभणीत त्याचा काय संबंध, कोण जाणे, पण पाठ केलं. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं, तापमान 250 लिहिलेलं. मी आठ दिवस ते 250 सेल्सिअस धरून चालले होते. ते फॅरेनहाइट होतं, म्हणजे आपले 121. आणि त्वचेच्या सहा प्रकारांचा तक्ता! फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी 1975 साली उन्हात कातडी कशी वागते त्यावरून तो मांडला. पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले. नोट्समधले सगळे फोटो पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्यापान बायकांचे. आमचं परभणी बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतं. आपल्या कातडीला जरा जखम झाली की तिथं काळा डाग राहतो, हे खरं तर आम्हाला पहिल्या पानावर पाहिजे होतं. ते होतं पान 51वर, दोन ओळीत.

वर्ग दर रविवारी. मी मराठवाडा एक्सप्रेसनं जायची. गाडीत त्वचेचे थर पाठ करायचे ठरवलं होतं: कॉर्नियम, ल्युसिडम, ग्रॅन्युलोसम, स्पायनोसम, बेसाल. दोन रविवार गेले, एकही जागेवर राहीना. दहावीनंतर मी काही पाठ केलेलंच नव्हतं. तिसऱ्या रविवारी खिडकीतून पाट्या बघता बघता सुचलं.

परभणी म्हणजे कॉर्नियम, सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा. (गाववाल्यांनी रागावू नये, मीही इथलीच.) मानवत रोड म्हणजे ल्युसिडम. हा थर फक्त तळहात-तळपायांच्या जाड कातडीत असतो, म्हणून भुवईच्या गाडीला मानवत रोडला थांबाच नाही. सेलू ग्रॅन्युलोसम, परतूर स्पायनोसम. जालना म्हणजे बेसाल, नव्या पेशी इथंच तयार होतात आणि रंग देणारं मेलॅनिनही. जालना सुटलं की वरची कातडी संपली, डर्मिस म्हणजे आतली कातडी लागली. पिगमेंट, म्हणजे भुवईचा रंग, ठेवायचं ते इथं, डर्मिसच्या अगदी वरच्या पट्टीत. म्हणजे बदनापूरला उतरायचं. जालन्याच्या अलीकडं उतरलात तर वरची कातडी महिन्याभरात झडते आणि तुमचा रंग घेऊन जाते. डोळा लागून थेट संभाजीनगर गाठलंत तर रेघा पसरतात, रंग राखाडी-निळा दिसायला लागतो आणि तो काढायला लेझरवाल्या डॉक्टरांकडं जावं लागतं.

मी हे पुटपुटत होते म्हणे. समोरच्या आजोबांनी बराच वेळ ऐकून विचारलं, "बदनापूरला कोण आहे माय तुमचं?"

रंगाचं आणि मॅपिंगचं फार अवघड गेलं नाही. निळ्यावर नारिंगी, लालवर हिरवा, एवढं कुठलीही मेकअपवाली जाणते. मॅपिंग म्हणजे भुवई कुठं सुरू व्हावी, कुठं वर चढावी, कुठं संपावी याच्या रेघा. नाकपुडीपासून दोरा धरून त्या काढायच्या. रंगात भिजवलेला तो दोरा दोन बोटांत ताणून कपाळावर टेकवतात. मॅडम दाखवत होत्या आणि मला वडील दिसत होते. ते सुतार. फळीवर सूत मारताना श्वास धरायचे, मीही धरला. वर्गात माझी रेघ पहिल्याच दिवशी सरळ आली.

खरं घोडं अडलं ते स्वच्छतेच्या भागात. अर्धा पेपर त्याच्यावर, आणि नोट्समध्ये सगळ्यात गोंधळ तिथंच. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात, सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडं नोट्स घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "आधी दंड दाखव."

मला कळेना.

"हिपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लस घेतलीस का? नाही ना? मग आधी ती घे, मग माझ्याकडं ये. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. सुया हातात घ्यायला निघालीस न् लस नाही?"

पहिला डोस घेऊन गेले तेव्हा त्यांनी तिनाचा पाढा सांगितला. रोग्याला टोचलेली सुई आपल्याला टोचली तर लागण होण्याचा धोका ढोबळमानानं असा: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी 100 मध्ये 30 पर्यंत, हिपॅटायटिस सी 3, एचआयव्ही 0.3. आम्ही सगळे एचआयव्हीला घाबरतो, आणि बी चा विषाणू टेबलावर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि तसंच उठून सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्ही रोखणारी गोळी 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली. मी बोट तोंडात घालणाऱ्यांतली. थ्रेडिंगचा दोरा दातात धरून धरून ती सवयच लागलेली.

मग मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्याकडं निळ्या लाइटची पेटी आहे, त्यात सगळं निर्जंतुक होतं. मावशी म्हणाल्या, "त्यात भाकरी ठेव." तो प्रकाश जिथं थेट पडतो तेवढ्यापुरताच, कात्रीच्या सांध्यात, चिमट्याच्या आतल्या बाजूला काही होत नाही. आधीच निर्जंतुक केलेलं सामान झाकून ठेवायला पेटी ठीक. स्टीलला वाफच पाहिजे, 15 पौंड दाब, 121 डिग्री, किमान 15 ते 20 मिनिटं. आणि सुया-ब्लेड एकदाच वापरायच्या, पाकीट त्या बाईसमोर फोडायचं. 11 वर्षं मी बायकांना त्या पेटीकडं बोट दाखवत आले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

कचऱ्याच्या पानावर मावशी थबकल्या. नोट्समध्ये रक्त लागलेलं सगळं लाल पिशवीत. "ही कुठली पद्धत? आपल्याकडं 2016चे नियम आहेत." त्यांनी माझ्याच ओट्यावर चार डबे मांडले. पिवळा: रक्ताचा कापूस, गॉज. लाल: ग्लोव्हजसारखं प्लास्टिक-रबर. पांढरा: सुया, ब्लेड, आणि हा डबा जाड पाहिजे, आतून सुई आरपार जाता कामा नये. निळा: काच. मग सराव. आगकाडी म्हणजे सुई, कुंकू लावलेला कापूस म्हणजे रक्त, मुलाचे फुटके फुगे म्हणजे ग्लोव्हज. मावशी एकेक वस्तू हातात देणार, मी टाकणार, मुलगा मोबाइलवर वेळ मोजणार. दुसऱ्या दिवशी कुंकवाचा कापूस डाळीच्या डब्यात सापडला आणि घरात दिवसभर त्यावर बोलणं झालं.

सासूबाई दारात बसून बघायच्या. त्यांच्या कपाळावर आणि दंडावर हिरवट गोंदण आहे. एकदा म्हणाल्या, "आमच्या येळंला गोंदणारीण यायची. एका सुईनं अख्खी आळी गोंदून जायची, काय झालं आम्हाला?"

मावशींनी विचारलं, "त्या आळीत कावीळ किती जणींना झाली?"

"ते कोन मोजलंय बाई."

परीक्षेला मॉडेल आपण न्यायची होती. नात्यातली एक कॉलेजची पोरगी तयार झाली. चार दिवस आधी तिचा फॉर्म भरताना विचारलं, काही गोळ्या चालू? म्हणाली, पिंपल्सच्या आहेत. पाकीट आणायला लावलं: आयसोट्रेटिनॉइन. ही गोळी बंद करून किमान सहा महिने गेल्याशिवाय भुवईला हात लावायचा नाही असं आम्हाला शिकवलं होतं, कारण कातडी नाजूक होते आणि जखम नीट भरत नाही. पोरगी रडकुंडीला आली, तिची आई रुसली, म्हणाली एवढ्याशा गोळीनं काय होतंय. मी नाही म्हटलं. परीक्षेत काय होईल ते होवो, म्हटलं, या पोरीला मी नंतर रोज गल्लीत भेटणार आहे.

मग जाऊबाई उभ्या राहिल्या. अट एकच: भुवया 'टीव्हीतल्या बाईसारख्या' नकोत. कानामागं पिगमेंट आणि नंबिंग (बधिर करायच्या) क्रीमची पॅच टेस्ट केली, दोन दिवस वाट पाहिली, लाली नाही, खाज नाही.

लेखी पेपर 50 प्रश्नांचा. 1991 आलं, थर आले. 'भुवईच्या त्वचेत कोणता थर नसतो' हा प्रश्न वाचून मी मोठ्यानं "मानवत रोड" म्हणाले, सुपरवायझरनं वळून पाहिलं. कचऱ्याच्या प्रश्नाला नोट्समधलं उत्तर लाल, खरं उत्तर पिवळं. पेन तिथं दोन-तीन मिनिटं अडलं. पिवळीवर खूण केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमका तोच प्रश्न काढला. "तुम्ही पिवळी लिहिलंय. नोट्स वाचल्या नाहीत का?"

"वाचल्या मॅडम. नोट्समध्ये लाल आहे. पण ते तिकडचं. आपल्या 2016च्या नियमांत पिवळी आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. मार्क कापलेच होते, ते कापलेलेच राहिले.

प्रात्यक्षिकात मात्र खरी गंमत कळली. आम्ही तीन महिने लॅटेक्सच्या नकली कातडीवर हात बसवला होता. लॅटेक्स घामेजत नाही, पापणी फडफडवत नाही आणि "अगं हळू" म्हणत नाही. जाऊबाईंची भुवई डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरली तेव्हा माझं मनगट थरथरायला लागलं. ताण सैल पडला की रेघ वाकडी जाते आणि ब्लेड कुठवर गेलं ते कळत नाही. पहिली रेघ ओढली. फार हलका, खरखरीत आवाज येतो, कोऱ्या कापडावर नख ओढल्यासारखा. तो आवाज म्हणजे बदनापूर. रक्ताचा बारीक ठिपका एकदाच दिसला, तिथं मी जरा पुढच्या स्टेशनला गेले होते. दोन्ही भुवया व्हायला सव्वादोन तास लागले. संपल्यावर जाऊबाई आरशात बघून म्हणाल्या, "कामून इतक्या काळ्या?" आणि चौथ्या दिवशी आणखी काळ्या झाल्या, मग खपल्या पडल्या, दहाव्या दिवशी पार फिक्या. घरात सगळ्यांनी मला गुन्हेगार ठरवून टाकलं. महिन्यानं रंग वर आला, आणि तो ठिपक्याचा भाग जरासा राखाडी आहे. माहीत असलेल्यालाच दिसतो. टचअपला त्यावर नारिंगी छटेचं पिगमेंट घ्यायचं ठरवलंय.

100 पैकी 78 मिळाले. सोनेरी किनारीचा कागद फ्रेम करून लावला, कारण बायका विचारतात. लायसन्स आहे का म्हटलं तर सांगते, लायसन्स नाही, परीक्षा पास झाल्याचं आहे. दोघीजणी त्यावर उठून गेल्या. गेल्या तर गेल्या.

पांढरा डबा आता भरत आला आहे. घंटागाडीत टाकायचा नाही, हे मावशींनी बजावलेलं. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं, तुमच्या डब्यात चालेल का? ते म्हणाले, माझ्या नावावर तुमच्या सुया कशा घालू, दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीवाल्यांना तुम्हीच फोन करा. केला.

"किती बेडचं हॉस्पिटल?"

"हॉस्पिटल नाही दादा, पार्लर आहे."

"बरं, बेड किती?"

"बेड नाही. एक खुर्ची आहे. मागं रेलते."

पलीकडं जरा वेळ कागदांची सळसळ झाली. मग तो म्हणाला, "मॅडम, सध्या शून्य लिहितो. सोमवारी साहेब आले की विचारून सांगतो."