जोडपट्टी आणि कूलिंग फॅन

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिही असा मेसेज आला. आता मी दिवसभर पॉवर सप्लायचे कूलिंग फॅन बघणारा माणूस, त्यामुळे लिहून लिहून तेच लिहिणार, पण त्या सगळ्याचं मूळ आपल्या सायन्स लॅबमध्येच आहे हे मात्र खरंय.

विज्ञानाच्या सरांनी बल्बच्या सर्किटमध्ये जोडलेली, पितळ-लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली जोडपट्टी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, पितळ जास्त प्रसरण पावतं म्हणून पट्टी वाकली, कॉन्टॅक्ट तुटला, बल्ब विझला. गार झाल्यावर परत पेटला. सरांनी विचारलं, ज्या तापमानाला विझतो अगदी त्याच तापमानाला पेटवला तर काय होईल रे? सगळे गप्प. "फडफडत बसेल," सर म्हणाले आणि पुढे गेले.

फॅनचं डिट्टो तसंच. ४५ डिग्रीला चालू आणि ४५ लाच बंद ठेवला तर तो नुसता चालू-बंद करत बसतो, म्हणून बंद व्हायचा आकडा चार-पाच डिग्री खाली घ्यायचा. आणि खरं तर नुसतं चालू-बंद करण्यापेक्षा स्पीडच कमी-जास्त केलेला बरा, कारण स्पीड निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि पॉवर जवळपास आठव्या हिश्श्यावर येते, मग कायम फुल स्पीडवर घरघरत ठेवायचा कशाला? त्यासाठी चार वायरच्या फॅनला पीडब्ल्यूएम, म्हणजे झटपट चालू-बंद होणारा सिग्नल, २५ किलोहर्ट्झचा देतात, तो कानाला ऐकू येत नाही. फक्त एक आहे, थांबलेला फॅन कमी स्पीडवर सुटेलच असं नाही, म्हणून आधी क्षणभर फुल द्यायचा आणि मग खाली आणायचा.

सेन्सर म्हणून बहुतेक वेळा १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स २५ डिग्रीला १० किलोओहम आणि तापला की कमी. तो हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला, चिकटवायचा, फॅनच्या वाऱ्यात लटकवायचा नाही, नाहीतर ट्रान्झिस्टर भाजत असतो आणि सेन्सर मस्त हवा खात असतो! आणि त्याची वायर तुटली तर? रेझिस्टन्स अफाट वाढतो, सर्किटला वाटतं कडाक्याची थंडी आहे, आणि ते फॅन बंद करतं, तेही नेमकं नको तेव्हा. म्हणून रीडिंग वेडंवाकडं आलं की फॅन थेट फुल स्पीडवर गेलाच पाहिजे. आमच्याकडे नवीन मुलं आली की त्यांच्या सर्किटमधली ही वायर मी पहिल्याच दिवशी कापतो, आणि बऱ्याच जणांचा फॅन थांबतो.