हिरव्या नावांच्या फायली

"फायली दिसत्यात की ओ, मग उघडंनात कशानं?" उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्या मामांचा हा सवाल सकाळपासून डोक्यातून जाईना.

विंडोज ७ चा म्हातारा पीसी. कास्टिंगच्या ड्रॉइंगची नावं हिरव्या अक्षरांत, म्हणजे ईएफएस एन्क्रिप्शन, विंडोजचंच फायली कुलूपबंद करणारं. ओनरशिप घ्या, परमिशन बदला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, उपयोग शून्य. कुलपाची किल्ली असते ज्यानं कुलूप लावलं त्याच युजरच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात, आत क्रिप्टो आणि प्रोटेक्ट या फोल्डरांत, आणि ती उघडते त्याच्या लॉगिन पासवर्डनं.

नेमका तोच पासवर्ड कुणीतरी पेनड्राइव्हवरच्या टूलनं पुसलेला! फॉरमॅट मारला नाही, हे नशीब.

आता जुना पासवर्ड आठवला तर तोच पुन्हा सेट करायचा, किल्ली बहुतेक वेळा परत चालते. त्याआधी डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या टूलनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत. खडखडणाऱ्या डिस्कवर थेट प्रयोग नकोत. फायली उघडल्या की ईएफएसचं सर्टिफिकेट प्रायव्हेट कीसकट, म्हणजे किल्लीसकट, पीएफएक्स फाइल करून पीसीबाहेर ठेवायचं.

मामा सध्या जुनी कॅलेंडरं उलटीपालटी करतायत, मागं पासवर्ड लिहिलेला म्हणे.

तुमच्या ऑफिसातल्या पीसीवर अशी हिरवी नावं, नाहीतर नव्या विंडोजवर आयकॉनवर पिवळं कुलूप, दिसतंय का कुठं?