हरभऱ्याच्या दुसऱ्या पिढीपर्यंत: माझा अनुभव

परभणीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करताना मी प्रबंधासाठी देशी हरभऱ्यात उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत कायमचा बदल, घडविण्याचा विषय घेतला. हरभरा स्वपरागित असल्याने त्याच्या लागवडीखालील वाणांत आनुवंशिक विविधता कमी असते, आणि निवड करायची तर आधी निवडण्याजोगे काही निर्माण व्हावे लागते.

बियाण्याच्या एका भागाला कोबाल्ट-60 पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची मात्रा दिली गेली. त्यापूर्वी दाण्यांतील ओलावा एकसारखा करून घेतला, कारण फार कोरड्या दाण्यांना तेवढ्याच मात्रेत जास्त इजा होते. हे किरण डीएनएवर थेट आघात करतात. शिवाय पेशीतील पाण्याचे विघटन होऊन तयार झालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिक्रियाशील कणही त्याला तोडतात. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर पेशी ती टोके पुन्हा जोडते खरी, पण त्या जोडणीत काही भाग कायमचा गळून पडू शकतो.

दुसरा भाग ईएमएस (इथिल मिथेनसल्फोनेट) या रसायनाच्या द्रावणात ठेवला. या रसायनाची करामत सूक्ष्म आहे. डीएनएच्या दोन धाग्यांवर गुआनिन (जी) समोर सायटोसिन (सी) आणि अॅडेनिन (ए) समोर थायमिन (टी) अशा जोड्या असतात. ईएमएसमधील इथिल गट गुआनिनला चिकटतो, आणि डीएनएची प्रत तयार होताना अशा गुआनिनसमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसते. त्यापुढच्या प्रतीत जी-सी जोडीच्या जागी ए-टी जोडी पक्की होते. हे रसायन आपल्या पेशींनाही सोडत नाही, म्हणून सारे काम हातमोजे घालून फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात केले, उरलेले द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ केले आणि दाणे वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतले.

अण्णांनी घरी विचारले, "उरलेलं बी बैलाला घातलं तर चालंल का?" गॅमा किरण दिलेला दाणा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे मी त्यांना समजावले, पण रसायनात भिजवलेला दाणा जनावराच्या तोंडी जाता कामा नये, हेही बजावले.

पहिल्या पिढीत मोठ्या मात्रेची रोपे उशिरा उगवली, पाने वेडीवाकडी झाली, घाटे कमी लागले. शेत पाहायला येणाऱ्यांचे लक्ष नेमके तिकडेच जाई. माझ्या मते नवशिक्याने इथेच सर्वाधिक सावध राहावे, कारण यातील बरीचशी विकृती पेशींना झालेल्या इजेची असते आणि ती बियांतून पुढे जात नाही. खरा बदल बहुधा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच झालेला असतो. तो अप्रभावी असेल, तर निरोगी प्रतीआड झाकलेला राहतो. म्हणून प्रत्येक झाडाचे बी स्वतंत्र पाकिटात ठेवले आणि पुढच्या रब्बीत त्याची वेगळी ओळ पेरली.

त्या ओळींत एका सकाळी हिरव्या रोपांमध्ये चुन्यासारखी पांढरी रोपे दिसली. हरितद्रव्य तयार करण्यासाठी लागणारे जनुक त्यांच्यात दोन्ही प्रतींत निकामी झाले होते. मातीखालच्या डाळिंब्यांतील, म्हणजे दाण्याच्या दोन दलांतील, अन्नसाठा संपेपर्यंतच ती जगणार होती, त्यामुळे त्यांची मोजणी लगेच करावी लागली. ती कुणाच्या उपयोगाची नव्हती, तरीही कोणत्या मात्रेने किती बदल घडवला याचे सर्वांत विश्वासार्ह माप तीच होती, आणि ती पाहताना मला झालेला आनंद मी लपवू शकले नाही. बुटकी, लवकर फुलणारी थोडी झाडेही मिळाली. तो गुण टिकतो की नाही हे तिसऱ्या पिढीतच कळणार असल्याने त्यांचे बी खुणेच्या चिठ्ठ्या लावून पुढील पेरणीसाठी राखून ठेवले.